हुकूमशहाला तेल विकणं: व्यापार कुठे संपतो, साथ कुठे सुरू होते?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आणखी 25 टक्के आयातशुल्क चढवलं आणि कारण सांगितलं रशियाकडून घेतलेल्या तेलाचं. तेव्हापासून बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेत, परदेशी ऑर्डरींवर चालणाऱ्या कारखान्यांत, तेलाचं राजकारण हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला. रशियाचं तेल घ्यावं की घेऊ नये, यावर आज प्रत्येकाचं मत आहे.

या चर्चेत एक बाजू मात्र राहून जाते. आपण तेल विकत घेतो, तसं विकतोही. त्याच 2025 सालात युरोपीय संघाने नियम केला की रशियन कच्च्या तेलापासून बनवलेलं डिझेल-पेट्रोल जानेवारी 2026 पासून आम्ही घेणार नाही, मग ते कुठल्याही तिसऱ्या देशात शुद्ध झालेलं असो; काही मित्रदेशांचा अपवाद तेवढा ठेवला. हा नियम भारताला थेट लागला, कारण आपण मोठे विक्रेते आहोत.

विकणाऱ्यापुढचा नैतिक प्रश्न घेणाऱ्यापेक्षा अवघड असतो. घेणाऱ्याचा पैसा हुकूमशहाच्या तिजोरीत जातो. विकणाऱ्याचा माल त्याच्या रणगाड्यात आणि विमानात जाऊ शकतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आपण नेमकं काय विकतो?

जमिनीतून निघतं ते कच्चं तेल. ते तसंच्या तसं कुठल्याच गाडीत घालता येत नाही. शुद्धीकरण कारखान्यात, म्हणजे रिफायनरीत, ते तापवून वेगळं केलं की त्यातून गॅस, पेट्रोल, केरोसीन, डिझेल, डांबर असे पदार्थ निघतात. या लेखात त्यांना तयार इंधन म्हणू. विमानात जातं ते इंधन, एटीएफ, म्हणजे मुळात अतिशय काटेकोरपणे शुद्ध केलेलं केरोसीनच.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. पण आपल्या रिफायनऱ्यांची ताकद वर्षाला 25 कोटी टनांच्या पुढे आहे. गुजरातेतलं जामनगरचं संकुल जगातलं सर्वांत मोठं. आपल्या कर्नाटकात सुरतकलजवळ एमआरपीएल आहे, वर्षाला दीड कोटी टनांची; ती ओएनजीसीची, म्हणजे शेवटी सरकारी मालकीची. देशाची गरज भागवून उरलेलं सुमारे 6 कोटी टन तयार इंधन आपण दरवर्षी जगाला विकतो. एमआरपीएलने मॉरिशससारख्या लोकशाही देशाला अनेक वर्षं इंधन पुरवलं. नेपाळ आणि बांगलादेशला तर आपलं डिझेल पाइपलाइनने जातं.

यातला बहुतेक व्यापार निर्मळ आहे, हे आधीच सांगतो. कुठल्या भारतीय कंपनीवर आरोप करायला हा लेख लिहिलेला नाही. पण इतका माल जगात जातो, तेव्हा कुणाला विकायचा नाही याचा काही नियम आपल्याकडे आहे का, हे विचारायला हवं.

हुकूमशाही कुणाला म्हणायचं?

जिथे लोकांना मत देऊन सरकार बदलता येत नाही, कोर्ट आणि वर्तमानपत्रं सरकारच्या मुठीत असतात आणि विरोध केला की तुरुंग मिळतो, ती हुकूमशाही राजवट. इतकी व्याख्या पुरे.

या व्याख्येत जगातले बरेच देश बसतात. त्यात आखातातली राजघराणीही येतात, जिथे बेळगाव-खानापूरची पोरं नोकरीला आहेत. त्या सगळ्यांशी व्यापार तोडा, असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. म्हणून राजवटीवरच्या नावाच्या पाटीपेक्षा, ती राजवट त्या इंधनाने काय करते आहे, हे आधी बघावं.

बेळगावने अशी बंदी जवळून पाहिली आहे

गोव्याला लागणारी भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणावर बेळगावकडून जातं. चोर्ला घाटातून पहाटे उतरणाऱ्या गाड्या एक दिवस अडल्या तरी पणजीच्या बाजारात भाव चढतात. 1955 साली गोव्याकडचा हा व्यापार सरकारी हुकमानेच तोडला गेला.

तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं आणि पोर्तुगालवर 1932 पासून सालाझार या हुकूमशहाचं. गोव्यात स्वातंत्र्याचं नाव काढणाऱ्याला तुरुंग होता; टी. बी. कुन्हांसारख्या नेत्याला तर थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून जास्त जण मेले. त्यातल्या कित्येक तुकड्यांचा मार्ग बेळगावातून जात होता. त्यानंतर भारताने संबंध तोडले, कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे थांबली आणि नाकेबंदी पूर्ण झाली.

म्हणजे परकीय हुकूमशाहीला माल विकायचा की नाही, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक सोडलं. घाटाखाली नातीगोती असलेल्या घरांची ताटातूट झाली.

नाकेबंदीचं पुढे काय झालं, हे बघण्यासारखं आहे. गोव्यात बटाटे हॉलंडमधून येऊ लागले, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून. चोरटा व्यापार वाढला. गोव्याचं लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीला जात होतं, त्या पैशावर पोर्तुगीज सरकारचा गाडा चालला. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणं अवघड झालं. सालाझार हलला नाही. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय लष्कराची जमवाजमव बेळगावात झाली आणि 19 डिसेंबरला गोवा मोकळा झाला तो सैन्यामुळे.

मग ती नाकेबंदी चुकीची होती का? माझ्या मते हेतू योग्य होता. गोळ्या झाडणाऱ्या राजवटीशी नेहमीसारखा व्यवहार सुरू ठेवणं अपमानास्पद झालं असतं. पण सरसकट बंदीचा एक दोष तिथे दिसला: माल थांबवताना कुठला माल हे पाहिलं नाही, तर शासन करणाऱ्यापेक्षा शासन सोसणाऱ्याला जास्त चटका बसतो. पुढचा सगळा विचार मी या अनुभवावर बांधतो आहे.

"आपण नाही विकलं तर दुसरा विकेलच की"

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. तेलाचा जागतिक बाजार मोठ्या विहिरीसारखा आहे. तिला चारी बाजूंनी झरे आहेत आणि उपसणाऱ्याला बादलीतलं पाणी कुठल्या झऱ्याचं हे कळत नाही. एक झरा आटला तर पातळी जराशी खाली जाते, इतकंच. कोगनोळीच्या पंपावर कर्नाटकात स्वस्त पडतं म्हणून कागल-कोल्हापूरचे लोक टाकी भरून जातात. ते पेट्रोल इराकच्या तेलाचं की रशियाच्या, हे पंपवालाही सांगू शकणार नाही.

इतिहासातलं याचं सर्वांत लाजिरवाणं उदाहरण ऱ्होडेशियाचं, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचं. 1965 साली या ब्रिटिश वसाहतीतल्या मूठभर गोऱ्यांनी बहुसंख्य काळ्या जनतेला बाजूला ठेवून परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांनी तेल तोडायला सांगितलं. ब्रिटनच्या युद्धनौका मोझांबिकच्या बैरा बंदरासमोर 1966 पासून 1975 पर्यंत पहारा देत राहिल्या. पण तेल त्याच मोझांबिकच्या दुसऱ्या बंदरातून, आजच्या मापुटोतून, आणि दक्षिण आफ्रिकेतून बिनधास्त आत जात होतं. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालचं, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं पुन्हा सालाझारचंच.

आणि ते तेल पुरवणाऱ्यांत ब्रिटिश कंपन्याच होत्या. कागदावर स्वच्छ राहण्यासाठी शेल आणि बीपीने फ्रान्सच्या टोटल कंपनीशी अदलाबदल ठरवली: ऱ्होडेशियाला टोटलने द्यायचं आणि त्याची भरपाई म्हणून तितकंच तेल शेल-बीपीने टोटलला दक्षिण आफ्रिकेत द्यायचं. "आम्ही ऱ्होडेशियाला थेंबभर विकत नाही" हे वाक्य खरं राहिलं आणि ऱ्होडेशियाच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. ब्रिटिश सरकारमधल्या काहींना याची कल्पना होती. 1978 साली बिंगहॅम चौकशी अहवालात हे सगळं उघड झालं.

तरीही "दुसरा विकेल" यावर माझं समाधान होत नाही. पहिलं कारण, अडथळा आला की किंमत वाढते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला इराणचा शहा, म्हणजे तिथला राजा, तेल देत होता. 1979 मध्ये शहाची सत्ता गेली आणि तो नळ बंद झाला. मग काय प्रकार झाले बघा: सालेम नावाच्या अवाढव्य टँकरने कुवेतचं तेल दर्बानमध्ये गुपचूप उतरवलं, टाक्यांत समुद्राचं पाणी भरलं आणि जानेवारी 1980 मध्ये सेनेगलच्या किनाऱ्याजवळ जहाज मुद्दाम बुडवलं. खलाशी बॅगा भरून होड्यांत उतरले होते. चोरीचं तेल फुकट पडत नाही. 1986 साली अध्यक्ष बोथा यांनी स्वतः सांगितलं की 1973 ते 1984 या काळात देशाला तेलासाठी 22 अब्ज रँड जास्त मोजावे लागले. वर्णद्वेषाला तेवढा दंड बसला, आणि तो झरे एकामागून एक आटल्यामुळे बसला. पहिला विक्रेता "दुसरा विकेल" म्हणत विकतच राहिला असता, तर तोही बसला नसता.

दुसरं कारण साधं आहे. दुसरा माणूस गुन्हा करेल म्हणून माझा गुन्हा माफ होत नाही. हे आपण घरात पोरांना सांगतो आणि ते देशालाही लागू आहे.

"बंदीने मरतो तो सामान्य माणूस"

या आक्षेपापुढे मी बराचसा नमतो. 2015 च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला. पाच महिन्यांनी, नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनाच्या काळात, भारतातून जाणारे इंधनाचे टँकर सीमेवर अडकले. नाकेबंदी केल्याचं भारत सरकारने नाकारलं. पण काठमांडूत घराघरांत गॅस संपला, लोक लाकडं जाळून स्वयंपाक करू लागले आणि राग भारतावर निघाला. नेपाळ काही हुकूमशाही नव्हता. तरी इंधन थांबलं की पहिला फटका चुलीला बसतो, हे तिथे दिसलं. गादीवरच्या माणसाच्या घरचा गॅस सगळ्यांत शेवटी संपतो.

म्हणून स्वयंपाकाचा गॅस, दिव्याचं केरोसीन, रुग्णवाहिकेचं आणि शेतीपंपाचं डिझेल, हे कितीही वाईट राजवट असली तरी थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. उत्तर कोरियावर संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2017 मध्ये घातलेली मर्यादासुद्धा शून्याची नाही. वर्षाला 5 लाख पिंप तयार इंधन घ्यायची मुभा आहे. एका पिंपात 159 लिटर धरा. ही मर्यादा समुद्रात जहाजाला जहाज लावून मोडली जाते, तो भाग वेगळा.

डिझेलची खरी अडचण अशी की तेच डिझेल ट्रॅक्टरमध्ये जातं आणि रणगाड्यातही. तिथे स्वच्छ रेघ ओढता येत नाही, आणि येते असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

विमानाच्या इंधनाची गोष्ट मात्र वेगळी

1 फेब्रुवारी 2021 रोजी म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. लोक उठले, आणि लष्कराने स्वतःच्याच खेड्यांवर विमानं पाठवली. 11 एप्रिल 2023 रोजी सागाइंग भागातल्या पाझीजी गावात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले असताना बॉम्ब पडले. दीडशेहून जास्त माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती. हा देश आपला शेजारी आहे. तिथून पळालेली माणसं मिझोराममध्ये आसरा घेऊन राहिली आहेत.

ती विमानं उडवायला लागणारं एटीएफ म्यानमार बाहेरून आणतो. यांगूनजवळच्या थिलावा बंदरात ते टँकरने उतरतं. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2022 मध्ये या मालाचा माग काढला: कुणी पाठवलं, कुठल्या जहाजाने, कुठे साठवलं. प्रवासी विमानांसाठी म्हणून उतरवलेलं इंधन लष्कराच्या तळांवर पोचत होतं. तिथली साठवण सांभाळणाऱ्या प्युमा एनर्जी या परदेशी कंपनीने त्याच वर्षी देश सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या विमान-इंधन व्यवहारात हात असलेल्या कुठल्याही परदेशी कंपनीवर निर्बंध लावायची तयारी केली.

इथे विहिरीचा हिशेब चालत नाही. एटीएफ हे सामाईक पाण्यासारखं मिसळून जात नाही. ठरलेल्या जहाजातून, ठरलेल्या बंदरात, ठरलेल्या टाकीत उतरतं. विकणारे मोजके असतात. त्यावर कुणाची चूल पेटत नाही. आणि ते थांबलं तर थांबतं ते नेमकं बॉम्ब टाकणारं विमान. प्रवासी विमानांची गैरसोय होईल, हे खरं आहे, आजाऱ्याला यांगूनहून बँकॉकला न्यायचं असेल तर ती गैरसोय गंभीरही ठरेल. तरी गावावर पडणाऱ्या बॉम्बपुढे ती किंमत मला मान्य आहे.

"पुढे काय झालं ते विकणाऱ्याला काय माहीत?"

याचं उत्तर 2021 साली डेन्मार्कच्या एका न्यायालयाने दिलं. डॅन-बंकरिंग ही जहाजांना इंधन पुरवणारी कंपनी. 2015 ते 2017 या काळात तिने भूमध्य समुद्रात सुमारे 1 लाख 72 हजार टन विमान इंधन रशियन कंपन्यांना विकलं. त्या कंपन्या रशियन नौदलासाठी काम करत होत्या आणि माल सिरियात उतरत होता, जिथे रशियन विमानं बशर अल-असदच्या बाजूने बॉम्ब टाकत होती. सिरियाला विमान इंधन पुरवायला युरोपीय संघाची बंदी होती.

कंपनीचा बचाव होता की आम्ही रशियन कंपनीला विकलं, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. न्यायालयाने तो मानला नाही. युद्धाच्या तोंडावर, समुद्राच्या त्या कोपऱ्यात, इतकं विमान इंधन एकामागून एक सौद्यांत कुणी घेत असेल, तर ते कुठे जातं हे धंद्यातल्या माणसाला कळतं. कंपनीला 3 कोटी क्रोनर दंड झाला, नफा जप्त झाला आणि तिच्या मूळ कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला चार महिन्यांची, स्थगित ठेवलेली, कैदेची शिक्षा झाली.

याच्याही पुढचं उदाहरण हॉलंडचं. फ्रान्स व्हान आनराट या व्यापाऱ्याने सद्दाम हुसेनच्या इराकला रसायनं विकली होती, त्यांचं मस्टर्ड वायू हे रासायनिक अस्त्र झालं. त्याला 2005 साली युद्धगुन्ह्यात साथ दिल्याबद्दल 15 वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती वाढली. त्याने विकलं ते फक्त रसायन होतं. पण माल कशासाठी जातो, हे त्याला माहीत होतं असं न्यायालयाने ठरवलं.

व्यापार कुठे संपतो आणि साथ कुठे सुरू होते, याची रेघ इथे स्पष्ट दिसते. माल घातक आहे का, घेणारा त्याने माणसं मारतो आहे का, आणि हे विकणाऱ्याला कळत होतं किंवा कळायलाच हवं होतं का. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं की "मी फक्त व्यापारी" हा बचाव उरत नाही.

"आम्हाला शिकवणारे हे कोण?"

पाश्चात्त्य देशांवरचा हा राग रास्त आहे. स्पेनमध्ये 1936 साली जनरल फ्रँकोने निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं, तेव्हा अमेरिकेच्या टेक्साको कंपनीने त्याला उधारीवर तेल दिलं. कंपनीला झालेला दंड त्या व्यवहारापुढे चिल्लर होता. 1935 मध्ये मुसोलिनी इथिओपियावर चालून गेला तेव्हा राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, बऱ्याच वस्तूंवर बंदी घातली आणि तेल मात्र वगळलं. तेल थांबवलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितल्याची नोंद हिटलरच्या दुभाष्याने केली आहे. जपान 1937 पासून चीनमध्ये कत्तली करत होता आणि त्याचं बहुतांश तेल अमेरिकेतून येत होतं. ते 1941 च्या ऑगस्टमध्ये तुटलं.

याच जपानचं उदाहरण उलट्या बाजूनेही दिलं जातं: तेल तोडलं, आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. बंदी युद्ध पेटवू शकते, हे नाकारता येत नाही. मला त्यातून दिसतं ते असं की चार वर्षं मुकाट तेल पुरवायचं आणि मग एका दमात तोडायचं, हा सर्वांत वाईट मार्ग आहे. पहिल्या वर्षीच हळूहळू आवळलं असतं तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तोवर चीनमध्ये जे मेले त्यांचा हिशेब कुठल्याच बाजूने मांडला जात नाही.

पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा उघड आहे. पण त्यांचे हात मळलेले आहेत म्हणून आपले मळवून घ्यावेत, हे त्याचं उत्तर असू शकत नाही. शिवाय या विषयात आपण कुणाच्या शिकवणीवर अवलंबून नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध व्यापार तोडणारा जगातला पहिला देश भारत होता, तोही स्वातंत्र्य मिळण्याआधी, 1946 साली. तेव्हा आपण आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतो.

आपला कायदा काय म्हणतो?

भारताची भूमिका बरीच वर्षं एकच आहे: संयुक्त राष्ट्रांनी घातलेले निर्बंध पाळू, एखाद्या देशाने एकट्याने घातलेले बांधील मानणार नाही. निर्बंध म्हणजे शिक्षा म्हणून घातलेली व्यापारबंदी. ही भूमिका समजण्यासारखी आहे, कारण एकट्या देशाचे निर्बंध त्याच्या स्वार्थाप्रमाणे बदलतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. म्यानमारच्या लष्कराला त्यातल्या चीन आणि रशियाची पाठराखण असल्यामुळे तिथे इंधनबंदीचा ठराव होत नाही. मग "संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं तर थांबू" याचा प्रत्यक्षातला अर्थ "थांबणार नाही" असा होतो.

शस्त्रव्यापारावर 2014 मध्ये अमलात आलेला आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात बंदुका आणि दारूगोळा येतो, इंधन येत नाही. भारताने तर त्यावर सहीच केलेली नाही.

इथे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना एक गोष्ट चटकन समजेल. हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. तिथे काम करणाऱ्यांना 'स्कोमेट' यादी माहीत असते: नागरी आणि लष्करी दोन्ही उपयोग असलेल्या वस्तूंची सरकारी यादी. त्या यादीतली वस्तू परदेशी पाठवायची तर परवाना लागतो, आणि घेणाऱ्याकडून लेखी घ्यावं लागतं की हा माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार. याला अंतिम वापराचा दाखला म्हणतात. कागद रंगवून खोटा दाखला देता येतो, हे खरंच. पण मग खोटं बोलल्याचा पुरावा राहतो, आणि विकणाऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

नेहमीचं विमान इंधन या यादीत नाही. विमानाचा एखादा नाजूक सुटा भाग पाठवायला दाखला लागू शकतो आणि तेच विमान उडवणारं हजारो टन इंधन पाठवायला लागत नाही. यात बदल करायला कुठल्या परदेशी दबावाची वाट पाहायची गरज नाही. ज्या देशाचं सैन्य स्वतःच्या वस्तीवर विमानातून बॉम्ब टाकत असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत निघालं आहे, त्या देशाला जाणाऱ्या एटीएफपुरता असा दाखला सक्तीचा करता येईल. सुरक्षा परिषदेचा ठराव लागणार नाही, डिझेल-गॅसला हात लावावा लागणार नाही, आणि मॉरिशसला जाणाऱ्या जहाजाला एक दिवसाचाही उशीर होणार नाही.

आपण काय विचारू शकतो?

ओएनजीसी, इंडियन ऑइल, हिंदुस्थान पेट्रोलियम या कंपन्या सरकारी आहेत. बेळगाव, निपाणी, चिकोडीतल्या कित्येक घरांत त्यांचे किंवा एमआरपीएलचे थोडेफार शेअर असतील, निदान म्युच्युअल फंडातून तरी. वार्षिक सभेत भागधारकाला प्रश्न विचारता येतो, आणि सभा आता ऑनलाइन होत असल्याने त्यासाठी कुठे जावंही लागत नाही. प्रश्न साधा ठेवावा: गेल्या वर्षी विमान इंधन कुठल्या देशांना गेलं, आणि मध्यस्थ व्यापाऱ्याला विकलं असेल तर ते शेवटी कुठे उतरलं, हे तुम्ही तपासता का?

शेअर नसतील त्यांच्यासाठी माहिती अधिकार आहे. हा अर्ज बहुधा व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन फेटाळला जाईल. कायद्याच्या कलम 8 मध्ये तसा अपवाद आहे. पण मोठं जनहित असेल तर ती माहिती द्यावी, असंही त्याच कलमात लिहिलेलं आहे. म्हणून अर्जात पहिल्याच परिच्छेदात ते जनहित कुठलं हे लिहावं, आणि किंमत किंवा सौद्याच्या अटी न मागता फक्त देशाचं नाव आणि टनांचा आकडा मागावा. तेवढ्याने कुठल्याच कंपनीचा धंदा बुडत नाही.